अक्का चाकांचा ताप बघायची

रश्मे, ये गं, अशी जवळ सरक. लिहून पाठवतेय म्हणून काय झालं, कान धरूनच बोलतेय असं समज. काल फोनवर काय म्हणालीस? ‘मावशी, गाडी जरा जड चालते, उतरल्यावर जळका वास येतो,’ आणि वर हसलीस! अगं, हसतेस काय? माझ्या हातातली कढीपत्त्याची डहाळी खाली पडली. तांबरमपलीकडून, एवढ्या लांबून, रोज त्याच गाडीतून जातेस-येतेस ना तू? आमची अक्का असती तर आहे तशी उठून तुझ्या दारात आली असती, आणि तुझ्याकडे न बघता आधी गाडीपाशी वाकली असती.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, तुझ्या काकांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, बँकेत नोकरी केली, मैलापूरच्या आमच्या घरात खालच्या मजल्यावर राहिली. अख्खी गल्ली तिला अक्काच म्हणायची. तिची एक खोड होती. कुठूनही गाडी आली की इंजिन बंद झाल्याबरोबर ही चाकांभोवती फेरी घालणार आणि प्रत्येक चाकाजवळ उलटा हात नेऊन बघणार. पोराचा ताप बघतो ना आपण, अगदी तसा. चारही सारखी कोमट लागली की म्हणायची, ‘सूडु नाही.’ सूडु म्हणजे तमिळमध्ये गरम. या घरची मराठी तंजावरची जुनी, ‘मज-तुज’ची, आणि मध्येच असा एखादा तमिळ शब्द. सांगलीहून आलेल्या मला पहिले काही महिने निम्मं बोलणं कळायचंच नाही.

हा एक शब्द मात्र पहिल्याच दिवशी कळला. नवी नवरी म्हणून मी सेंट्रल स्टेशनवर उतरले, तर न्यायला गाडी घेऊन हीच. बाई गाडी चालवतेय म्हणून मी आधीच डोळे विस्फारून बसलेली. घरी पोचलो, सासूबाई तबक घेऊन दारात, आणि ही चाकापाशी ओणवी! मग माझ्याकडे आली, तोच हात माझ्या कपाळाला लावला आणि सासूबाईंना म्हणाली, ‘अम्मा, गाडीस काही नाही. पोरीस सूडु आहे. ओवाळणे राहू दे, आत घे तिला.’ खरंच ताप होता गं मला. भीतीने प्रवासभर कुणाला सांगितलं नव्हतं.

पाहुण्यांच्या गाड्यांना तर ती हात लावायचीच, पण रिक्षासुद्धा सोडायची नाही. एकदा एक ऑटोवाला म्हणाला, ‘अम्मा, चाकाची पत्रिका बघताय का?’ अक्का म्हणाली, ‘पत्रिका तुझी बघते, थांब. मागले डावे चाक ओढते तुझे. ब्रेक सोडला म्हणजे सुटला पाहिजे. अर्धा धरून बसतो तो काय ब्रेक रे?’ समुद्र जवळ, वारा खारा. लोखंडाला गंज चढतो, मग दाबलेला ब्रेक मागे यायलाच तयार होत नाही, चाक घासत राहतं आणि तापतं. हे तिने मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही सांगेन.

गुडघे कुरकुरायला लागले तशी तिने क्लच नसलेली गाडी घेतली. ‘आता डाव्या पायास काम नाही. आयुष्यभर राबला, बसू दे रिकामा,’ म्हणाली. मीही हसले. तेव्हा काय माहीत होतं!

त्या दिवशी आम्ही दोघी टी. नगरला साड्या बघायला गेलो होतो. परतताना गाडी रेंगाळत होती आणि जळका वास येत होता. ‘अक्का, वास येतोय.’ ‘मेट्रोसाठी रस्ता खणतात, त्याचा असेल.’ घरी आलो. ती उतरली, नेहमीची फेरी सुरू झाली. पुढच्या चाकापाशी वाकली आणि तिथेच थांबली. मी पिशव्या काढून वळले, तर चाकातून धुराची बारीक रेघ वर येतेय, आणि अक्काचा अख्खा हात चाकावर टेकलेला! शांतपणे म्हणतेय, ‘सूडु नाही.’

मी किंचाळले. धावत जाऊन तिचा हात ओढला. हात लालबुंद, भाजलेला. आणि ती त्या हाताकडे अशी बघत होती, जणू दुसऱ्या कुणाचा हात कुणीतरी तिच्याजवळ ठेवायला दिलाय. तिला साधं हायसुद्धा म्हणावंसं वाटलं नाही.

हाताला पट्टी बांधून आणली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक घरी आला. जॅक लावून एकेक चाक उचललं, हाताने फिरवलं. भिंगरीसारखं फिरलं. ब्रेक दाबून सोडला, पुन्हा फिरवलं. मोकळं! ‘अम्मा, कुठेही काही अडकलेलं नाही,’ तो म्हणाला. अक्का खुर्चीत बसून बघत होती. तिने मला विचारलं, ‘काल एकच चाक तापले होते की पुढली दोन्ही?’ मी आठवून म्हटलं, ‘दोन्हींतून धूर होता.’ ‘गंज असता तर एकच तापले असते,’ ती म्हणाली. मग उठली आणि गाडीत जाऊन बसली.

‘पोरी, तू मागे उभी राहा. लाल दिवे बघ. मी ब्रेक दाबते.’

‘लागले, अक्का.’

‘आता पाय काढला. विझले?’

‘नाही. लागलेत.’

‘नीट बघ. काढलाय मी पाय.’

‘अक्का... लागलेत अजून.’

मी पुढे जाऊन वाकून बघितलं. उजवा पाय तिने खरंच काढला होता. डावा, तो रिकामा बसलेला, क्लचच्या सवयीने आपोआप ब्रेकवर येऊन टेकला होता. तिला त्याचा पत्ताच नव्हता. तिनेही मान खाली घालून पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ‘शाळा सुटते त्या वेळेस मी या गल्लीतून येते गं,’ एवढंच म्हणाली. उतरली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. पुन्हा कधी मागितली नाही.

साखरेने हातापायांची जाणीव गेली होती, डॉक्टर म्हणाले. चप्पल पायातून निसटलेली कळत नव्हती, तेही तिने लपवलं होतं. साऱ्या गल्लीच्या चाकांचा ताप बघणारी बाई, आणि आम्ही एकाच घरात राहून तिचं दुखणं ओळखलं नाही! मला अजून कुठेही ते लाल दिवे दिसले की धस्स होतं.

पुढे ती ओट्यावर खुर्ची टाकून बसायची आणि चाकांना फेरी मी घालायची. ‘काय म्हणते?’ ती विचारायची. ‘सूडु नाही, अक्का.’ ‘उलटा हात लावलास ना?’ ‘हो गं, उलटाच.’ मग एका सकाळी मी कॉफी घेऊन गेले. उठेना, म्हणून कपाळाला उलटा हात लावला. कॉफी तशीच हातात धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

तेव्हा ऐक. गाडी जवळच्या गॅरेजला दे, चाकं उचलून फिरवून बघायला सांग, आणि तू ट्रेनने ये. स्टेशनवरून ऑटो कर. दारात उतरलीस की लगेच जिना चढू नकोस, मी खाली येतेय. आधी ऑटोच्या चाकांना हात लावीन, मग तुझ्या कपाळाला. ऑटोवाला हसला तर हसू दे. तू मात्र लवकर ये गं, या रविवारीच ये.