सही जुळत नाही

आम्ही भाईंदर पूर्वेला राहायला आलो आणि मी साड्यांना फॉल लावायचं काम धरलं. परळला एका खोलीत आम्ही आठ माणसं होतो. इथे दोन खोल्या, आणि माणसं तीनच: हे, मी आणि मुलगी. हे अंधेरीच्या एका गोदामात नोकरीला, मुलगी दुपारच्या शाळेत. मग मी तळमजल्यावरच्या गुजराती बेनकडे जाऊन बसायची. हातात साडी असली की मान खाली राहते आणि कुणाशी फार बोलावं लागत नाही, म्हणून साडी घेऊनच जायची.

बेन दुपारी गुजराती पेपरातले शेअरचे भाव मोठ्याने वाचायची. स्टेशनजवळ बसणारा एक दलाल तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा होता. एखाद्या कंपनीने नवे शेअर विकायला काढले, म्हणजे इश्यू आला, की तो फॉर्मचा गठ्ठा पाठवायचा. लॉटरीसारखं असायचं, कुणाला शेअर लागायचे, कुणाला नाही. बेन बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांच्या हातात फॉर्म द्यायची. मी कधी घेतला नाही.

एकदा फॉर्मवर दोरा बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. त्या कंपनीचं रीळ माझ्या मांडीवरच होतं. आमचा दोऱ्याचा दुकानदार बाकीची सगळी रिळं महिनाभराच्या उधारीवर द्यायचा, हे एक मात्र रोख. विचारलं तर म्हणायचा, "ये तो ऐसे ही जाता है, इसका उधार क्यों दूं?" मला तेवढं पुरलं. मी फॉर्म मागून घेतला.

सही कुठे करायची ते बेनने बोटाने दाखवलं. चौथीनंतर मी पेन धरला नव्हता. एकेक अक्षर वेगळं काढलं आणि प्रत्येकावर वेगळी रेघ दिली. बेन म्हणाली, "अरे, ये तो रेल्वे के डब्बे लगते हैं." बायका हसल्या. त्याच आठवड्यात बँकेत खातं उघडलं, तिथल्या कार्डावरही हेच डबे गेले.

शेअर लागले. फॉलच्या मजुरीतून साठेल तसे दलालाकडून आणखी थोडे घेतले, तेही त्याच कंपनीचे. दुसऱ्या कंपन्यांबद्दल मला काही कळत नव्हतं आणि जे कळत नाही त्यात पैसा घालायचा नाही हे मी ठरवलं होतं. ते रेल्वेचे डबे मात्र माझ्या मनाला लागले होते. मुलीची दुरेघी वही घेतली आणि दुपारी बेनकडे जायच्या आधी एक पान गिरवायला लागले. हळूहळू अक्षरं जवळ आली. वर्षभराने पूर्ण नावावर एकच रेघ ओढता यायला लागली. मुलगी म्हणाली, "आई, बाईंसारखं आलंय." मला फार बरं वाटलं होतं.

ब्याण्णव साल उजाडलं तेव्हा भाईंदरमध्ये जो तो शेअरचंच बोलत होता. भाजीवाला भाव विचारायचा. कंपनी काय बनवते हे कुणाला माहीत नसायचं, नाव सांगितलं की घ्यायचे. माझे दोऱ्याचे शेअर दुपटीच्याही वर गेले.

त्याच सुमाराला खारीगावात एक गाळा बघितला. छोटा, पण बाजाराच्या वाटेवर. पिको-फॉलचं मशीन मावेल आणि एक बाकडं. मालक गावातले जुने आगरी आजोबा. मी ह्यांना पुढे केलं होतं, पण ते म्हातारे माझ्याकडेच बघून बोलले. "गालो तुला पायजे ना पोरी? पावसाच्या आदी अनामत दे. त्याच्या म्होरं मी थांबनार न्हाय. दुसरा बी एक मागतोय."

अनामतीएवढे पैसे फक्त शेअरमध्येच होते.

माझ्या कामात एक पद्धत होती. साडीची मजुरी आली की आधी फॉलचे आणि दोऱ्याचे पैसे बाजूला काढायचे. उरतील ते माझे. हे न करणाऱ्या बायका महिनाअखेरीला फॉल आणायला पैसे नाहीत म्हणून बसलेल्या मी बघितल्या होत्या. शेअरचंही तसंच करायचं ठरवलं. माझी मुद्दल निघेल एवढे विकायचे, बाकीचे राहू द्यायचे. मुद्दल होती तेवढीच अनामतीची रक्कम होती.

बेनला सांगितलं तर ती म्हणाली, "अभी कोई बेचता है क्या? दो महिन्यात डबल होएंगा. तुम्ही मराठी लोक पहिल्या स्टेशनलाच उतरता."

मी सुई ओवत म्हटलं, "मला पहिल्याच स्टेशनला जायचंय."

दलालाकडे जाऊन, शेअर घेणाऱ्याच्या नावावर करायच्या ट्रान्सफरच्या कागदावर सही केली. एका रेघेची, सुंदर. तो म्हणाला, "कागद कंपनीत पास झाले की पैसे देतो."

उन्हाळ्यात बाजार कोसळला. रोज खाली. बेनचं मोठ्याने वाचणं बंद झालं, पेपर घडी घालून फ्रिजवर पडून राहायचा. मी आधीच विकले म्हणून बायका मला हुशार म्हणायला लागल्या. आणि त्याच आठवड्यात दलालाचा निरोप आला. कागद परत आलेत, पहिल्या फॉर्मशी सही जुळत नाही.

तो उद्धट नव्हता, पण घाईत होता. "घेणाऱ्याला आता हे नकोच आहेत, त्याला निमित्त पाहिजे. पंधरा दिवसांत बँकेकडून सही खरी करून आणा. नाही आणली तर सौदा रद्द, आणि मग आजच्या भावाने विका." आजच्या भावात अनामत निघत नव्हती.

पुढचे दहा दिवस घरी वहीवर रोज जुनी सही काढून बघितली. पन्नास वेळा. डबे येईनात. मुद्दाम वाकडं काढलं की ते मुद्दामच दिसायचं. हे म्हणाले, "अगं, जाऊ दे. नशिबात नव्हता गाळा."

मी म्हटलं, "अहो, नशिबात होते ते शेअर विकून झालेत. फक्त कागद अडकलाय."

दुसऱ्या दिवशी एकटी बँकेत गेले. साहेबांनी कार्ड काढलं, माझ्या कागदाशेजारी ठेवलं. "बाई, ही सही तुमची नाही."

"माझीच आहे. तेव्हा मला नीट लिहिता येत नव्हतं. नंतर शिकले."

"मग शिकायला कुणी सांगितलं होतं?" मागच्या रांगेतला एक माणूस हसला. "कार्डावरची करून दाखवा, मी लगेच शिक्का मारतो." तिथेही आली नाही. साहेब म्हणाले, मी काही करू शकत नाही.  मी कागद पिशवीत घातले आणि बाहेर आले.

रिक्षा स्टँडपाशी बराच वेळ उभी राहिले. घरी जावंसं वाटत होतं. पासबुक उघडून बघत होते, उगाच. दर महिन्याला दोऱ्यासाठी काढलेले पैसे त्यात ओळीने होते. प्रत्येक वेळी मी स्लिप भरली होती. प्रत्येक स्लिपवर सही केली होती. आणि प्रत्येक वेळी पैसे मिळाले होते.

मी परत आत गेले. पुन्हा रांगेत उभी राहिले. माझी पाळी येईपर्यंत एकच वाक्य मनात धरून ठेवलं होतं. "साहेब, ही सही माझी नसेल तर गेली दोन वर्षं माझे पैसे तुम्ही कुणाला दिले?"

 साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"माझ्या स्लिपा बघा. पहिल्यापासून."

त्यांनी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. मला वाटलं टाळतायत, पण मी बँक उघडायच्या आधी दारात होते. शिपायाने गठ्ठे काढून ठेवले होते. साहेबांनी माझ्या स्लिपा टेबलावर ओळीने मांडल्या. पहिल्या दोन-तीन डब्यांच्या. मग दोन अक्षरांवर एक रेघ. मग तीन. मग सगळ्यांवर. प्रत्येक स्लिपवर त्यांची स्वतःची बारीक सही होती, पास केल्याची. पहिल्या स्लिपपासून शेवटच्यापर्यंत त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी तर रोज बघत होतो की." त्यांनी माझ्याकडून समोर सही करून घेतली, कार्ड बदललं आणि कंपनीच्या कागदावर शिक्का मारून दिला.

दलालाने दिलेल्या पंधरा दिवसांतले तेरा झाले होते. पैसे मिळाले ते जुन्याच भावाने. दलाली कापून थोडे कमी पडले ते ह्यांनी घातले. आजोबांनी नोटा मोजल्या नाहीत, कमरेला खोचल्या. "बरा केलंस. तो दुसरा माणूस शेरमंदी बुडला, आलाच न्हाय."

ज्या पैशाला तारीख आहे तो बाजारात ठेवायचा नाही, हे मी तेव्हा शिकले. गाळा हवा हे मनात आलं तेव्हाच मी विकायला हवं होतं; तेरा दिवसांत कागद सुटले, त्याचं श्रेय मी स्वतःला देत नाही.

उरलेले दोऱ्याचे शेअर पडत पडत निम्म्याच्या खाली गेले. बेनने दोनदा विचारलं, काढणार का. तिच्या घरातले दागिने गेले होते, तिच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. मी नाही म्हटलं. दुकानदार ते रीळ अजून रोखच देत होता, आणि त्या शेअरमध्ये माझी मुद्दल नव्हती. त्यांचा भाव मी महिन्यातून एकदा बघायची. रोज बघायला वेळ नव्हता, नऊ वाजता शटर वर करावं लागायचं.