निवायला ठेवलेली काच

गल्लीत त्याला सगळे कासव म्हणत, आणि त्याच्या बायकोला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. कासव निदान कधीतरी पोचतं, हा माणूस चपला शोधण्यातच सकाळ घालवतो, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. पण त्याच्या धंद्याला हाच संथपणा लागतो, हे तिलाही पक्कं ठाऊक होतं. तो काचेच्या नळ्या करायचा. तापवून ओढलेली नळी दिसायला लगेच तयार असते, पण तिला दुसऱ्या भट्टीत निवायला ठेवावं लागतं, आच थोडी थोडी उतरवत, चांगले दहा तास. आधी बाहेर काढली तर वरून काही कळत नाही. छान चकचकते. मग कधीतरी, चार दिवसांनी नाहीतर चार तासांनी, फुटते.

काच डूख धरते, असं कासव म्हणायचा. तो तिचा स्वभाव, आणि स्वभावाला औषध नाही. बायकोचं म्हणणं, देवानं ज्याला त्याला आपापला धर्म लावून दिलाय; विस्तवानं जाळावं, पाण्यानं उताराला जावं, माणसानं मध्ये लुडबुड करू नये. धाकटी लेक दोघांनाही हसायची. ती विज्ञान शिकलेली. काच बाहेरून आधी घट्ट होते, आतून मागाहून, म्हणून ताण राहतो; त्यात डूख कसला आणि देव कसला? तिला प्रत्येक गोष्टीचं 'का' लागे. लहानपणी 'गप बस' म्हटलं तरी आधी 'का' यायचं. आता इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लॉन्ड्रीत ती बॉयलर सांभाळत होती, तरी खोड तीच. सुंभ जळला तरी पीळ जातोय होय!

काल दुपारी ती धापा टाकत आली. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची नळी जुनी होऊन तडकली होती. बॉयलर बंद, चादरींचे ढीग, आणि साहेब सकाळपासून डोक्यावर बसलेला. भट्टीत दोन नळ्या होत्या, पण त्यांना अजून दोन तास हवे होते. कासवानं नकाराची मान हलवली. तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी एकदा तरी घाई करा ना."

बापाचं काळीज ते! त्यानं भट्टीचं दार उघडलं. एक नळी तिला दिली, जोडीची फळीवर ठेवली, आणि एवढ्यातेवढ्यानं काही होत नाही, असं स्वतःलाच बजावलं.

आज सकाळी तो चहा पीत बसला होता. फळीवर टक् असा आवाज झाला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, वारा नव्हता, मांजर नव्हतं. जोडीच्या नळीला वरपासून खालपर्यंत उभी चीर गेली होती.

त्यानं उठून लेकीला फोन लावला, पण बॉयलरच्या घरघरीत तिला तो कधीच ऐकू येत नसे. मग कासव अनवाणी पळत सुटला. बायको दारातून, अहो झालं काय, म्हणून विचारत राहिली. लॉन्ड्रीच्या फाटकावरचा पहारेकरी वहीत सही मागत होता; कासव त्याला ढकलून आत गेला.

बॉयलर तापला होता. दाबाचा काटा चढत होता. नळीपुढचं जाड काचेचं झाकण काढून लेकीनं खाली ठेवलं होतं, आणि नळीला जेमतेम वीतभर अंतरावर तोंड नेऊन ती फडक्यानं डाग पुसत होती.

'बाजूला हो' म्हणून ओरडावं, तर ही तिथंच उभी राहून 'का' विचारणार. काचेइतकीच लेकही त्याला पाठ होती. धावून ओढावी, तर मध्ये पाण्याच्या टाकीचा वळसा. आणि लेकीला तरी बाप पाठ होताच की. या माणसानं जन्मात कधी चूक कबूल केली नव्हती. नळी फुटली की दोष गिऱ्हाइकाच्या हाताचा.

"माझं चुकलं!" तो सगळा जीव एकवटून ओरडला.

ती वळली. आपण भलतंच ऐकलं, असं तिला वाटलं असावं. फडकं हातात तसंच ठेवून ती टाकीला वळसा घालत त्याच्याकडे आली. "काय म्हणालात?"

"माझं चुकलं. ती नळी..."

तेवढ्यात नळी फुटली. वाफ किंचाळत बाहेर आली आणि काचेचे तुकडे समोरच्या भिंतीवर ताडताड आपटले, जिथं क्षणापूर्वी तिचं तोंड होतं, त्याच्या रेषेत. धाकटीनं वाकून, बाजूनं साखळ्या ओढल्या आणि नळीच्या वरखालच्या दोन्ही तोट्या बंद केल्या. शिकवल्याप्रमाणं, एकदाही न चुकता.

दोघं बाहेर पायरीवर बसली. त्याच्या तळपायातून रक्त येत होतं. तिनं ते त्याच फडक्यानं बांधलं.

"नळी किती आधी काढलीत?"

"दोन तास आधी."

"का?"

उत्तर त्याच्या जिभेवर होतं: 'तू म्हणालीस.' दोनच शब्द होते, आणि खरे होते. त्यानं ते गिळले.

"मला घाई झाली होती," तो म्हणाला.

जन्मात कधी घाई न झालेल्या बापाकडे ती पाहत राहिली. मग तिचे डोळे भरून आले, आणि तिनं पुढचं 'का' विचारलं नाही.