बादलीत पडलेला फोन

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी कोरेगावच्या शाळेतून बिनपगारी रजा टाकून माधवनगरला येऊन राहिले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आबांची उजवी बाजू गेली होती, जीभ जड झाली होती. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. मी भरवायचे, अंग पुसायचे, चादरी धुवायचे. आज कोणता वार, हे शेजारणीला विचारावं लागायचं.

घरात फोन नव्हता. धाकटा भाऊ साताऱ्यात आल्याचा व्यापार करायचा. त्यानं नुकताच मोबाइल घेतला होता. आमच्या सगळ्या भावकीत तो पहिलाच. एका रविवारी आला आणि फोन माझ्या हातात ठेवून म्हणाला, "ताई, ह्यो राहू दे तुझ्याजवळ. मला दुकानात फोन हाय. आबांचं कळत तरी राहील."

नंबर मात्र त्यानं गावभर वाटला. म्हसवडहून मावशी, मिरजेहून चुलते, मुंबईहून कोण कोण. "जयभीम ताई. आबा कसं हायती? जेवत्यात का?" रेंज फक्त खिडकीपाशी यायची. आबांच्या तोंडात घास तसाच ठेवून मी खिडकीकडं पळायची. "बरे आहेत, जेवतात," एवढंच बोलायची. मावशी दरवेळी कसलंसं तेल सांगायची आणि मी दरवेळी हो म्हणायची.

त्या दुपारी मी मोरीत चादरी पिळत होते. फोन कमरेला खोचलेला. वाकले तसा तो सटकला आणि बादलीतल्या साबणाच्या पाण्यात बुडाला. मी तो झटकन बाहेर काढला. सगळीकडून फेस गळत होता. पडद्यावरचे आकडे विझले. मी ओल्या फरशीवर तशीच बसले. भाऊ काय म्हणेल ही भीती होतीच, पण त्याहून जास्त वाटलं, की आता आज कुणी काही विचारणार नाही.

मग उठले. मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, आतलं कार्ड काढलं, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं सगळं टिपलं. खिडकीत कडक ऊन होतं. तिथं मांडायला निघाले, तर मागून आवाज आला, "नगं."

आबांनी मान वळवली होती. ते मिलच्या सायझिंग खात्यात होते. तिथं सुताला खळ लावून वाळवतात. डावा हात हलवत त्यांनी एकेक शब्द ओढून काढला, "उन्हात... नगं. वारं... दे."

घरात एकच टेबलफॅन होता, तोही त्यांच्या उशाशी. त्यांनी तो फोनकडं फिरवायला लावला. दिवस उन्हाळ्याचे. ते घामानं निथळत होते, आणि मी वर्तमानपत्रानं त्यांना वारा घालत बसले. हात भरून आले. मधेच वीज गेली तर म्हणाले, "त्येलाबी घाल."

दुसऱ्या दिवशीही तेच. डोळा लागला की हाक यायची, "वाळला व्हय?" भिंतीकडं मात्र त्यांनी तोंड केलं नाही.

संध्याकाळी बॅटरी बसवली. पडदा उजळला, काचेच्या आत धुकं होतं. आबा तोंड वाकडं करून हसले. मला हसू आलं नाही. थोड्या वेळात फोन वाजलाच. मावशी होती. मी "बरे आहेत" म्हटलं. ती ओरडत होती, "हॅलो! आगं बोल की! ऐकायला येत न्हाई!" पाचसहा वेळा ओरडून तिनं ठेवून दिला. दुसऱ्यांचंही तसंच झालं. त्यांचं आम्हाला ऐकू यायचं, आमचं त्यांना जात नव्हतं.

मी कोपऱ्यावरच्या बूथवरून भावाला सगळं सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, "मग मी नुसता बोलतो. आबांच्या कानाला लाव."

आबांची खाट मी खिडकीशी ओढली. भाऊ दुकान बंद करून रोज बोलायचा. आल्याला आज काय भाव निघाला, पोरगी शाळेत कुणाशी भांडली, मोटारसायकल कुठं बंद पडली. समोर कधी एवढं बोलला नव्हता. मी फोन धरून उभी राहायची, पाठ भरून यायची. आबा डोळे मिटून मधेच "व्हय, व्हय" म्हणायचे. ते त्याला जात नव्हतं.

पुढं एकदा भाऊ आला. "आबा, सांगलीत फोन दुरुस्तीचं दुकान हाय. बोलायचंबी नीट करून आणतो."

आबांनी फोनवर डावा हात ठेवला. "मला... कुठं बोलायचंय?"

फोन तसाच राहिला. पावसाळ्यात एकदा बंद पडला तो पडलाच. थंडीत आबा गेले.

मी परत शाळेत रुजू झाले. पहिल्याच तासाला पोरांनी कालवा करून वर्ग डोक्यावर घेतला. मी त्यांना गप्प बसवलं नाही. टेबलावर डोकं टेकवलं आणि घंटा होईपर्यंत त्यांचे आवाज ऐकत तशीच राहिले.