पामच्या वाडीतलं इंजिन

पासष्टच्या लढाईच्या आदल्या वर्षी, पावसाळा संपता संपता, आमची अकरा जणांची तुकडी पुण्याहून पालघर तालुक्यात पाठवली गेली. काम रेकीचं होतं. किनाऱ्याकडं जाणारे रस्ते, पूल आणि खाड्या मोजायच्या. कुठल्या पुलावरून किती वजनाची गाडी जाईल, कुठली खाडी ओहोटीला उतरून ओलांडता येईल, हे नकाशावर चढवायचं. मी हवालदार शिवराम भोईटे, व्हेईकल मेकॅनिक. जवान मला उस्ताद म्हणत. फौजेत हत्यार शिकवणारा तो उस्ताद. माझं हत्यार पाना होतं.

आमचे तीन तंबू पाम गावाबाहेर, नवापूरच्या वाटेवर दोन चिंचांखाली होते. सकाळी साडेपाचला फॉल-इन. सव्वासहाला जीप निघे, तिच्यामागून वनटन ट्रक. दुपारी दोनला आदल्या दिवसाचे कागद घेऊन मोटरसायकल पालघर स्टेशनला जाई. तिथून ते गाडीनं पुण्याला.

ही मोटरसायकल दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची. सव्वाशे सीसी, टू-स्ट्रोक, गिअर टाकीच्या बाजूला हातानं टाकायचे. वजन इतकं कमी की दोन जवान तिला उचलून होडीत ठेवत. खरं तर ती केव्हाच बाद व्हायला हवी होती. पण भाताच्या बांधावरून जाईल अशी दुसरी गाडी आमच्याकडं नव्हती.

तिचा डिस्पॅच रायडर लान्स नायक तातोबा मोहिते, खटावचा. उंची सहा फूट, खांदे पैलवानाचे. गाडी त्याच्याखाली शेळीसारखी दिसे. आमचे कॅप्टन भल्ला त्याला विचारत, "मोहिते, तू इसपे बैठता है या इसको पहनता है?" मोहिते सावधान उभा राहून म्हणे, "दोनो, सर." त्याच्याकडं घड्याळ नव्हतं. पण चारला येतो म्हणाला की चारलाच येई.

बाराव्या दिवशी तो सहाला आला, गाडी ढकलत. बेटेगावच्या चढावर कनेक्टिंग रॉड तुटला होता आणि त्याच्या तुकड्यानं इंजिनाचं खालचं कवच, क्रँककेस, फोडली होती. भोकातून माझी दोन बोटं आत गेली.

कॅप्टन साहेबांनी विचारलं, "कितना टाइम?"

"सर, हे इंजिन संपलं. दुसरं लागेल. पुण्याहून मागवलं तर पंधरा दिवस, तेही तिथं असलं तर."

साहेब आपल्या तंबूकडं गेले. मोहिते मात्र तिथंच घुटमळत होता.

"बोल," मी म्हणालो.

"उस्ताद, पाममधनं येताना एका वाडीत आपल्या गाडीचा आवाज ऐकला."

"आपली गाडी तर तू ढकलत होतास."

"म्हणून तर थांबून ऐकला."

चार मैल ऊन खाल्लेल्या माणसाचं बोलणं म्हणून मी ते सोडून दिलं असतं. पण मोहिते नसलेलं सांगणाऱ्यांतला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्या वाडीत गेलो. केळी, वांगी, मिरची. मधे विहीर, आणि विहिरीच्या काठावर लाकडी ठोकळ्यांना आवळलेलं आमच्याच गाडीच्या जातीचं इंजिन, पट्ट्यावर पंप फिरवत. मोटरसायकलचं इंजिन चालत्या गाडीत वाऱ्यानं थंड राहतं. इथं गाडीच नव्हती. म्हणून कुणीतरी पिंपाच्या झाकणाचा पत्रा कापून पंखा केला होता आणि तो सिलिंडरसमोर फिरत होता. वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या माणसानं टोपी काढावी असं काम होतं ते.

वाडीचे मालक नारायण राऊत. पंचावन्नच्या आसपासचे, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांचा थोरला भाऊ मुंबईला गोदीत होता. महायुद्ध संपल्यावर फौजेच्या लिलावात त्यानं ही गाडी घेतली. भाऊ वारला, खाऱ्या वाऱ्यानं गाडीचा सांगाडा खाल्ला, इंजिन तेवढं राहिलं.

मी सगळं खरं सांगितलं आणि आठ दिवसांसाठी इंजिन मागितलं.

"तुमी इंजिन नेता," राऊत म्हणाले, "मंग माज्या वांग्यांना पानी कोन घालणार? तुमी?"

"होय. आम्ही."

ते हसले. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हसायचे थांबले. "आठ दिस?"

"आठ. नवव्या दिवशी ते याच ठोकळ्यांवर असेल."

"न्या. पन ते पयल्या लाथेला उठत नाय. दुसरीला उठते."

त्या दिवसापासून रोज सकाळी सहा जवान तासभर विहिरीवर. बादल्यांची साखळी लावली. राऊतांच्या घरच्या, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, बांधावर उभ्या राहून सुभेदार मेजरसारखी नजर ठेवत. "ओ भाऊ, मुळाशी घाला. पानांना काय तहान हाय?"

मी इंजिन उघडलं. धूर बाहेर पडायचं भोक, एक्झॉस्ट पोर्ट, काजळीनं अर्धं बुजलेलं. ते बांबूच्या कामटीनं खरवडलं, लोखंड लावलं असतं तर पोर्टला चरे पडले असते. रिंगा चिकटलेल्या होत्या, त्या रॉकेलमध्ये भिजवून सोडवल्या. टू-स्ट्रोकची क्रँककेस हवाबंद लागते. कुठं हवा शिरली की इंजिन सुरू होतं, पण ओढत नाही. सांध्यात घालायचं गॅस्केट नव्हतं. कॅप्टन साहेबांनी नकाशाचा जाड कागद दिला, बिघडलेला, ज्यावर आम्ही एक नाला उलटा वाहता काढला होता. त्यातून गॅस्केट कापलं. पंपाची पुली शाफ्टवर गंजून बसली होती. ती उतरवायला एक अख्खी दुपार लागली.

शेवटी अडचण आली ती बसवताना. राऊतांचं इंजिन आमच्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं जुनं, मागच्या बोल्टचं भोक बोटभर खाली. बोईसरच्या लोहाराकडून दोन पट्ट्या करून घेतल्या आणि त्यांवर इंजिन टांगलं. पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाला मोहितेनं किक मारली. दुसऱ्या लाथेला उठलं.

आवाज चांगला होता. माझा बेत असा, की त्या दिवशी गाडी फक्त गावाभोवती हळू फिरवायची, बोल्ट पुन्हा आवळायचे, आणि दुसऱ्या दिवशी पालघरला पाठवायची. तसं झालं नाही.

अकराला पाच मिनिटं कमी असताना गवताच्या माळावरून चौघं जण एका बाईला झोळीत घालून पळत आले. ते डोंगराकडचे वारली, गवत कापणीला आलेले. बाईचं नाव सोनी, वय वीस-बावीस. तिचा नवरा लाडक्या. त्याच्या हातात काठीला गुंडाळलेला मेलेला साप होता. हातभर लांब, अंगावर करवतीसारखे खवले.

"फुरसा," तो म्हणाला. "पायाला. साहेब, औशीद द्या."

आमच्याकडं नर्सिंग असिस्टंट होता, सिपाही पिल्ले. त्यानं पाय फळीला बांधून हलणार नाही असा केला. सूज जिथं पोचली होती तिथं नकाशाच्या लाल पेन्सिलीनं रेघ ओढून वेळ लिहिली. १०.५८. मग मला बाजूला घेतलं.

"उस्ताद, साँप के ज़हर का सिरम चाहिए. मेरे पास नहीं है. पालघर के दवाखाने में मिलेगा."

"वेळ किती आहे?"

"जितना जल्दी. शाम तक नहीं रुकेगा."

जीप आणि ट्रक दोन्ही डहाणूच्या खाडीपलीकडं होते. बोईसरहून पालघरची गाडी दोन तासांनी होती, आणि औषध घेऊन परतायची गाडी त्याहून उशिरा. बैलगाडीत तिला घालणं म्हणजे विष अंगभर हलवणं. मी वायरलेस सेटवर बसून कॅप्टन साहेबांना गाठलं.

"हॅलो वन, टू बोलतोय. सिव्हिलियन केस, सर्पदंश. जीप पाहिजे. ओव्हर."

"वन बोलतोय. खाडी भरली आहे. तीन घंटे. मोटरसायकल? ओव्हर."

"इंजिन बसलंय. रोड टेस्ट बाकी. ओव्हर."



"टू, तुम साइन करोगे? ओव्हर."

फौजेत मेकॅनिक गाडी फिट म्हणून सही करतो, तेव्हा पुढं जे होईल ते त्याच्या नावावर असतं. ते इंजिन मी स्वतः उघडलं होतं. त्यातला प्रत्येक नट मला ठाऊक होता. भरवसा नव्हता तो फक्त लोहाराच्या पट्ट्यांवर.

"करतो, सर. ओव्हर."

"भेजो. आउट."

मोहिते गाडीवर बसूनच होता. मी सांगितलं, "पंचवीसच्या वर नाही. उतारावर थ्रॉटल बंद करून पळवायची नाही, तेल पोचत नाही, क्लच दाबून उतरायचं. मागच्या पट्टीकडं लक्ष ठेव. काही हललं तर थांब आणि आवळ." एक पाना दिला, नटांची पुडी दिली.

"उस्ताद, मी दोनच्या आत येतो."

११.१२ ला तो निघाला.

जाऊन येऊन पंचवीस मैल. तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामाला जाणाऱ्या ट्रकांनी बोईसरपर्यंतचा रस्ता फोडून ठेवला होता. आम्ही सोनीला चिंचेखाली सावलीत ठेवलं. पिल्ले दर पंधरा मिनिटांनी रेघ ओढत होता. ११.३० ला सूज पोटरीवर. १२.१५ ला गुडघ्याच्या खाली. साडेबाराला तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. काकू वाडीतून धावत आल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. लाडक्या तिच्या अंगावरच्या माश्या हाकत होता. एकदाच त्यानं मला विचारलं, "ते गाडी, नवी हाय?"

"इंजिन जुनं आहे," मी म्हणालो. "पण चांगलं आहे."

एक वाजला. दीड वाजला. सूज गुडघ्याच्या वर गेली. पिल्लेनं पेन्सिल खिशात ठेवली आणि पुन्हा काढली. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो. मला त्या पट्ट्या दिसत होत्या, लोहाराच्या ऐरणीवर लाल असताना दिसल्या होत्या तशाच.

राऊत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. एकाएकी त्यांनी हात वर केला. "ऐका."

मला काही ऐकू येत नव्हतं.

"येतोय तो. माजं इंजिन हाय ते. रोज ऐकतो, मला नाय कळणार?"

अर्ध्या मिनिटानं मलाही ऐकू आलं. १.५० ला मोहिते चिंचेखाली थांबला. शर्टाच्या आत, पोटाशी, पुठ्ठ्याची पेटी आणि डॉक्टरांची चिठ्ठी. पिल्लेनं पेटी उघडली. पावडरीच्या कुप्या, पाण्याच्या कुप्या, एकही फुटलेली नव्हती. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणं त्यानं इंजेक्शन दिलं.

मग मी गाडीकडं पाहिलं. डावी पट्टी परतीच्या वाटेत, बोईसरच्या अलीकडं, भोकापाशी तुटली होती. इंजिन मागं लोंबून चेन उतरली होती. मोहितेनं आपल्या दोन्ही पायांच्या पट्ट्या सोडल्या, त्या लोकरीच्या असतात, घोट्यावर गुंडाळायच्या, आणि त्यांनी इंजिन सांगाड्याला करकचून बांधलं. बाहेरचा पदर करपून धुमसत होता.

"किती मिनिटं गेली?" मी विचारलं.

"घड्याळ नाही, उस्ताद. हात भाजायला लागला तोवर बांधून झालं होतं."

त्याच्या उजव्या तळव्यावर फोड आले होते. ते त्यानं दुसऱ्या दिवशी फॉल-इनला सांगितले, तेही विचारल्यावर.

डॉक्टर दुपारच्या गाडीनं बोईसरला उतरून टांग्यानं आले. त्यांनी आणखी एक मात्रा दिली. पिल्लेच्या लाल रेघा खालपासून वरपर्यंत वाचल्या आणि म्हणाले, "ह्या मुलाला कुणी शिकवलं हे?" संध्याकाळी रक्त थांबलं. सोनीला राऊतांच्या पडवीत ठेवलं. दंशानंतर नवव्या दिवशी ती काठी टेकत आपल्या पायांनी गेली.

जाण्याआधी लाडक्या मला आणि मोहितेला खाडीवर घेऊन गेला. आमच्या नकाशात जिथं खोल पाणी होतं, तिथून तो ओहोटीला चालत पलीकडं गेला, पाणी मांडीपर्यंत, खाली खडक. कॅप्टन साहेबांनी दुसऱ्या दिवशी स्वतः उतरून मोजलं. तो उतार नकाशावर चढला.

राऊतांचं इंजिन ठरल्या दिवशी त्यांच्या ठोकळ्यांवर गेलं. त्यात मी नवा प्लग घातला होता. आमची मोटरसायकल ट्रकमध्ये पडून पुण्याला परतली आणि तिथं तिला बाद केलं.

पुढच्या सप्टेंबरात आम्ही पंजाबच्या आघाडीवर होतो. मी वर्कशॉपमध्ये, मोहिते पुढं ब्रिगेडकडं, मोठ्या गाडीवर. एका सकाळी वायरलेस बंद पडला. एका कंपनीला मागं सरकण्याचा हुकूम घेऊन तो निघाला. कंपनीपासून दोनशे यार्डांवर तोफेचा गोळा जवळ पडला. गाडी तिथंच राहिली, तो जखमी अंगानं सरपटत पुढं गेला आणि हुकमाचा पाऊच खंदकातल्या जवानाच्या हातात दिला. मला हे त्या जवानानं सांगितलं, तो माझ्याच वर्कशॉपला नंतर जीप घेऊन आला होता. कंपनी वेळेत हलली. मोहितेला मागं आणेपर्यंत तो गेला होता.

लढाई संपल्यावर रजा मिळाली, तेव्हा मी आधी खटावला गेलो. मोहितेचे वडील अंगणात घोंगडीवर बसले होते. माझा युनिफॉर्म पाहून उठायला लागले, मी त्यांना बसवलं. सगळं सांगितलं. पालघरचंही सांगितलं, सोनीचं, इंजिनाचं. माझं झाल्यावर त्यांनी समोरच्या रस्त्याकडं पाहिलं.

"त्याच्यापाशी जो हुकूम होता," त्यांनी विचारलं, "तो पोचला म्हणता?"

"पोचला, आबा."

"वेळेत?"

"वेळेत."

त्यांनी मान हलवली. मग आत हाक मारून सांगितलं, तातोबाचे उस्ताद आलेत, जेवायला वाढा.