कॉम्प्युटरवरचं कुंकू

चाकणच्या कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. लाइन बंद पडली की मला बोलावतात आणि मी जाऊन आधी ऑपरेटरची फिरकी घेतो, "राव, प्लग तरी बघितला का?" बहुतेक वेळा घोटाळा तिथंच असतो. त्यामुळे लेकीच्या अ‍ॅनिमेशनच्या कोर्ससाठी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, तेव्हा मी सुटे भाग आणले आणि पुनावळ्याच्या घरी स्वतःच जोडायला बसलो. तयार घ्यायला मी काय अडाणी होतो?

रविवारी दुपारी जोडणी झाली. पेटीचं झाकण लावायच्या आधी अण्णा, म्हणजे माझे वडील, कुंकवाचा करंडा घेऊन आले. त्यांनी पिंपरीच्या एका कंपनीत लेथ चालवण्यात उमर काढली. मशीनला हात लावून तो कपाळाला टेकवल्याशिवाय त्यांनी कधी बटण दाबलं नाही. पेटीच्या आतल्या पत्र्यावर त्यांनी बोटानं टिळा लावला, नमस्कार केला आणि नातीला म्हणाले, "आता कर चालू."

पंखे फिरले, दिवे लागले. स्क्रीन मात्र काळीच.

मी रॅम काढून परत बसवली, सगळ्या पिना दाबल्या, मीटर लावून सप्लाय तपासला. काही फरक नाही. सासुरवाडीची मंडळी मुद्दाम बघायला आली होती आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात आतल्या मदरबोर्डावर सांडलेली लाल पूड दिसली आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"हा काय तुमचा लेथ आहे का अण्णा, कुंकू फासायला? गेला बोर्ड! पोरीचा कोर्स उद्यापासून आहे, कळतंय का काही?"

दाढीचा जुना ब्रश आणून अण्णा पुडीचा कण न् कण टिपत बसले. ते मला दिसत होतं, तरी मी त्यांना थांबवलं नाही.

संध्याकाळी पेटी घेऊन चिंचवडला दुकानात गेलो. दुकानातल्या बाईंनी आपला मॉनिटर जोडला आणि चित्र लगेच आलं.

"घरी केबल कुठं लावली होती?"

मी बोट दाखवलं.

"सर, ते बोर्डाचं सॉकेट. तुमच्या प्रोसेसरला तिथून चित्र येतच नाही. खाली, ग्राफिक्स कार्डाला लावायची."

म्हणजे प्लगच. त्या बाई हसल्यासुद्धा नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आलो तेव्हा अण्णा दारातच बसले होते. "झाला का रं? कुकवानंच बिघडला व्हता न्हवं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण आत सासरे बसले होते. मी म्हणालो, "हां, थोडं आत गेलं होतं. साफ करून दिलं त्यांनी."

आयुष्यात खोटं कमी बोललो असं नाही, पण हे आठवलं की अजून कान तापतात.

दोन महिन्यांनी खंडेनवमी आली. सकाळी कंपनीत वेल्डिंगच्या रोबोटला हळदकुंकू मीच वाहिलं, नारळही मीच फोडला. घरी आलो तर अण्णांची पूजा चालू होती. त्यांचे जुने पाने, व्हर्नियर, आईचं शिलाई मशीन, माझी गाडी, मिक्सरसुद्धा. कॉम्प्युटरपाशी येऊन ते थबकले.

"आजोबा, याला पण लावा ना," लेक म्हणाली.

"नगं गं बाई. मला त्यातलं काय कळत न्हाई. माझ्या हातानं परत बिघडायचा."

बोटावरचं कुंकू त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलला पुसलं आणि ते पुढं गेले. मी तिथंच उभा होतो. माझ्या बोटांना सकाळच्या पूजेचं कुंकू तसंच होतं. मी हात खिशात घातला.