पडलेल्या मशीनचे शेवटचे शब्द

मोरेश्वरला तो काम करायचा त्या रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने फसवलं. आपल्या मर्जीतल्या पुरवठादाराकडून त्याने खराब सर्व्हर घेतला, तो बंद पडायला लागल्यावर दोष मोरेश्वरवर ढकलला आणि मोरेश्वरकडचा पुरावा दुसऱ्याकरवी पुसून घेतला. मोरेश्वरला जाऊन सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं म्हणतात. मला जमेल तसं लिहितो...

बातमी आली तेव्हा मी रामदासपेठेतल्या एका ऑफिसात जुन्या कॉम्प्युटरांचा सौदा करत होतो. माझा धंदाच तो. मोरेश्वरच्या बायकोचे, रजनीवहिनींचे, तीन फोन मी उचलले नाहीत. समोरचा नरमत आला होता आणि अशा वेळी मी कुणाचाच फोन उचलत नाही. नंतर लावला तर त्या म्हणाल्या, "भाऊ, हे गेले. छातीत दुखून राहिलं म्हणे, अन् बसल्या जागी..." मी "बरं" म्हटलं. परत आत गेलो आणि उरलेली घासाघीस पूर्ण केली. असं का केलं ते मला सांगता येत नाही. त्या दिवशी काही वाटलं नाही. अजूनही फारसं वाटत नाही.

आम्ही दोघेही उमरेडचे. तो शिकला, मी फुटपाथवर जुने कीबोर्ड विकत मोठा झालो. धंतोलीतल्या त्या रुग्णालयाचे कॉम्प्युटर तो सांभाळायचा आणि रविवारी माझ्या दुकानात येऊन बसायचा. एखादी मशीन कोसळली की मी लगेच बटण दाबायला जाई आणि तो माझं मनगट धरी. "थांब ना गा! काहून पडली, ते इचारलं का तिले?" मी म्हणायचो, "मेलेली बोलते का बे?" त्यावर तो हसे. "मेलेलीच खरं बोलते. जित्या तुयासारख्या असतात."

त्यानेच मला समजावलं होतं. मशीन कोसळते तेव्हा तिला डिस्कवर लिहायची शुद्ध नसते. म्हणून शेवटचे शब्द ती आपल्या आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरच्याच एका लहानशा जागेत टाकते. वीज गेली तरी ते तिथे टिकतात. मशीन पुन्हा सुरू झाली की ऑपरेटिंग सिस्टीम ते उचलून डिस्कवरच्या फोल्डरमध्ये जपून ठेवते आणि बोर्डावरची जागा पुढच्या वेळेसाठी मोकळी करते. उचलायचं की नाही आणि उचलल्यावर पुसायचं की नाही, हे एका फाइलीतल्या दोन ओळी ठरवतात. बहुतेकांना त्या ओळी असतात हेही ठाऊक नसतं. मोरेश्वर नवी मशीन हाती आली की आधी त्या बघायचा. नोंदींच्या फोल्डरला त्याने नाव दिलं होतं, 'काहून', म्हणजे 'का'.

रुग्णालयात आलेला तो नवा सर्व्हर आठवड्यातून दोनदा पडू लागला. प्रयोगशाळेचे रिपोर्ट अडकायचे, धाप लागलेल्या म्हाताऱ्याचे नातेवाईक खिडकीपाशी भांडायचे आणि शिव्या मोरेश्वरला बसायच्या. 'काहून'मधली प्रत्येक नोंद एकच सांगत होती, तिसऱ्या खाचेतली मेमरी खराब आहे. तो नोंदी घेऊन व्यवस्थापकाकडे गेला. उत्तर मिळालं, "मला कारणं नकोत, मशीन चालू पाहिजे." आठवडाभरात व्यवस्थापकाने दुसऱ्याच माणसाकरवी फोल्डर रिकामं केलं, कचरा साचतो म्हणून. आणि त्या दोन ओळींतली उचलायची ओळ बदलून घेतली, यापुढे नोंदी उचलायच्याच नाहीत. मग चौकशी लावली. मोरेश्वर रिकाम्या हाताने उभा राहिला. त्याला काढलं.

मी व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये शिरून टेबलावर हात आपटला होता. मोरेश्वरने मला दंडाला धरून बाहेर काढलं. जिन्यात म्हणाला, "तुया आवाजानं मायी बाजू कमजोर होऊन राहिली गा." त्यानंतर तो रविवारी यायचा, पण मशीन पडली तरी काही विचारायचा नाही. व्यवस्थापक मात्र सगळ्या कर्मचाऱ्यांना सांगत होता, मोरेश्वरला काढल्यापासून सर्व्हर एकदाही पडला नाही.

दोन आठवड्यांपूर्वी त्याच रुग्णालयाने जुनं सामान भंगारात काढलं. त्यात तो सर्व्हर होता. त्याचा नंबर मला पाठ आहे. मी चेहरा कोरा ठेवून त्याला नावं ठेवली आणि उचलून आणला. रुग्णांची माहिती म्हणून डिस्क त्यांनी काढून घेतल्या होत्या. बोर्ड तसाच होता. मी माझी डिस्क लावली आणि सुरू करण्याआधी त्या दोन ओळी लिहिल्या, उचल, पण पुसू नको. पाच नोंदी निघाल्या. पुसणं होतं ते उचलल्यानंतरच, म्हणजे उचलायचं नाही असं ठरवणाऱ्याने पुसायचंही बंद केलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पाचही नोंदींत तिसरी खाच. आणि त्यातल्या तीन नोंदींवरच्या तारखा मोरेश्वरला काढल्यानंतरच्या.

मी कागद छापून रजनीवहिनींकडे नेले. त्यांनी बराच वेळ पाहिले. "मले तर ह्यातलं काही समजत नाही, भाऊ. पण ज्याले समजते, तो काहून गप आहे?"

सर्व्हर माझ्या दुकानात समोरच ठेवला आहे. दोघांनी भाव विचारला. मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, विकायचा नाही. रविवारी मोरेश्वर बसायचा त्या बाजूला सर्व्हरचा पंखा फिरत असतो आणि मी ऐकत बसतो.

व्यवस्थापक साहेब, हे छापून येतंय ती वर्तमानपत्राची पुरवणी तुम्ही वाचता, मला माहीत आहे. दुकान उघडं आहे. या, स्वतः नोंदी वाचा. मग त्याच कर्मचाऱ्यांसमोर सांगा, ती ओळ कुणाच्या हुकमाने बदलली. आणि मोरेश्वरचं काम बरोबर होतं, एवढं रजनीवहिनींना तुमच्या सहीने लिहून द्या.