टिटवाळ्याच्या वाटेवरची किल्ली

त्या सकाळी निघण्यापूर्वी मी दोन कामं केली. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून जिन्याखालच्या संडासाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली आणि पाण्याची बाटली भरली. बायकोने, सुमनने, ती बाटली तुळशीत ओतली.

"अगं, वाटेत तहान लागेल."

"लागू दे. तहान दाबता येते."

ठाण्याहून टिटवाळ्याच्या गणपतीला स्कूटरने जायचं तर मुंब्रा बायपासवरून शीळफाटा, तिथून कल्याण आणि पुढे टिटवाळा. लवकर निघा. आम्ही लवकर निघालो नाही, त्यामुळे शीळफाट्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकलो. रांग सुटली तेव्हा मागून आवाज आला, "अहो, कुठेतरी थांबवा."

कल्याणच्या रस्त्यावर एक हॉटेल दिसलं. "संडास फक्त गिऱ्हाईकांसाठी," वेटर म्हणाला. म्हणून मिसळ घेतली. मिसळ झणझणीत, आवर्जून खा. पण सुमनने वर पाण्याचा घोटही घेतला नाही. मग किल्ली मागितली.

"किल्ली शेठकडे असते. शेठ कल्याणला गेलेत."

"कधी येतील?"

"येतील की. चहा घेता तोवर?"

चहा! सुमन हसली, आणि लगेच हसू आवरून तिने डोळे मिटले. माझा हात नकळत खिशाकडे गेला.

पुढच्या गावात रस्त्याकडेच्या अंगणात एक आगरी म्हातारी मासळी वाळवत होती. सुमन स्कूटरवरून उतरून तशीच उभी राहिली. बोलायचं कसं? म्हातारीने एकदाच वर पाहिलं.

"काय गो बाय, लाजतेस कनाला? ये घरान. मांगं हाय."

मी अंगणात मासळीवरच्या माश्या वारत उभा राहिलो. सुमन बाहेर आली ती पाणी मागतच. दोन तांबे प्यायली, आणि टिटवाळ्याला निघाल्यापासून घोटही घेतला नाही म्हणाली.

"सकालपासून पाण्यावाचून?" म्हातारी माझ्याकडे वळली. "आन तू रं, देवाला निंगालास ना?"

माझ्या लहानपणी गावच्या शाळेत मधल्या सुट्टीत घरी पळालेल्या मुली दुपारी परत का येत नसत, ते मला पन्नाशीला टेकल्यावर त्या अंगणात कळलं.

टिटवाळ्याला दर्शन छान झालं. मोदक ताजे मिळाले.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"काही नाही. मला हवं होतं ते वाटेतच मिळालं."

घरी परतलो तर जिन्याजवळ धुणीभांडी करणाऱ्या मावशी उभ्या. "दादा, किल्ली?" एवढंच म्हणाल्या. किती वेळ उभ्या होत्या, ते विचारायचं माझं धाडस झालं नाही.

रविवारच्या बैठकीत मी विषय काढला. "कुलूप काढलं तर कोणीही येईल हो!" एक सभासद म्हणाले.

"यावंच," मी म्हटलं. "साफसफाईचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मी खाली गेलो. बाहेरचं कुलूप काढलं आणि दाराला आतून कडी बसवली.